सातवी रांग, निळा कोट

शेवटचा खेळ सुटला की मी दाराशी उभा राहतो,
हातात कार्डांचा गठ्ठा, खिशात बुटक्या पेन्सिली.
नव्या मालकीणबाईंचा हुकूम आहे,
प्रत्येकाचं मत घे, एलेउतेरिओ,
हल्ली मतांशिवाय थिएटर चालत नाही.

सिनेमा नेहमीच्याच जातीतला.
पुढचं कुठलंसं शतक, भिंतींना कान, आभाळाला डोळे.
एक पोरगी मनोऱ्यावर चढून शहराची वीज तोडते
आणि अंधारात माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात.

पोरं भराभरा लिहितात, एकमेकांच्या पाठीचं टेबल करून.
नाहुएलच्या मते तिनं सरळ गोळी घालायला हवी होती.
दंतवैद्य ओल्मेदोंना छायाचित्रण आवडलं, शेवट नाही,
सरकार काय दुधाचा दात आहे, असं पडायला?
एक जोडपं जिन्यातच जुंपलं.
तो म्हणाला, अतिशयोक्ती.
ती म्हणाली, तुझ्या बापाला विचार.
त्यांचं कार्ड अर्धंच भरलेलं.

मग वॉशिंग्टन आला. आमच्या मॉन्टेव्हिडिओत असतं हे नाव.
काखेत थर्मास, हातात कडू चहाची तुंबडी.
"सगळं राखाडी का रे दाखवतात?
आपल्या वेळी तर लख्ख ऊन पडायचं.
माणसं किनाऱ्यावर जायची, निखाऱ्यावर मांस भाजायची,
पोरांची बारशी करायची.
राखाडी असतं तर निदान कळलं तरी असतं."
त्याला लिहायचा कंटाळा, मीच उतरवून घेतलं.
जागा पुरली नाही, मागच्या बाजूला गेलो.

माझं अक्षर चांगलं आहे.
तेव्हाही मला त्यासाठीच निवडलं होतं.

विशीतला पोऱ्या मी, बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचो.
दर सोमवारी एक गृहस्थ यायचे. सभ्य.
आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि वही मागायचे.
कोण हसलं, टाळी कुठे पडली,
वार्तापट लागताच कोण उठून बाहेर गेलं.
तीही मतंच की.
फक्त देणाऱ्याला ठाऊक नसायचं, आपण देतोय.

त्या काळी सरकारनं माणसांना अक्षरं वाटली होती.
अ म्हणजे आपला,
ब म्हणजे बघू,
क म्हणजे कायमचा घरी.
नेलिदाबाईंना क मिळाला.
शाळेत भूगोल शिकवायच्या.
मग आठ वर्षं रविवारच्या बाजारात लोकरीचे मोजे विकले.

माझ्या वहीत एक ओळ होती:
सातवी रांग, निळा कोट, जनरल अडखळले तेव्हा हसली.

त्या ओळीमुळेच झालं, असं नाही.
त्या ओळीमुळे नाही झालं, असंही नाही.
इतकी वर्षं ही दोन वाक्यं
आळीपाळीनं अंगावर ओढून झोपतो.
दोन्ही तोकडी पडतात.

आज त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या, काठी टेकत.
मी कार्ड पुढे केलं.
चष्मा शोधला, सापडला नाही, किंवा शोधलाच नाही.
"पोलिसांना मुखवटे कशाला दिलेत यांनी?" म्हणाल्या.
"आमच्या खालच्या मजल्यावरचा तर
साखर मागायला यायचा."
आणि कोरं कार्ड माझ्या हातात परत ठेवलं.
"तूच लिही. तुझं अक्षर छान आहे."

तिकीट फाडणाऱ्याचं अक्षर
कुणी, कधी पाहिलेलं असतं?

टॅक्सीचं दार लावताना त्या हसल्या,
किंवा कवळी सारखी केली.

किती झाली, मालकीणबाईंनी विचारलं.
बेचाळीस, मी म्हणालो.
त्रेचाळिसावं माझ्या खिशात आहे.
वरच्या ओळीत रांग लिहून झाली,
कोटाचा रंगही. आज तपकिरी होता.
पुढे "मत" असं छापलंय, आणि दोन बोटं मोकळी जागा.
पेन्सिलीला टोक आहे.
दिवे मालवायला हवेत.