जकात

नाक्यावर होते तेव्हा पैशाला वास असायचा.
कनौजच्या ट्रकचा पैसा अत्तराचा,
भिवंडीचा कोऱ्या कापडाचा, खळ लावलेला,
नंदुरबारच्या मिरचीचा पैसा मोजताना
खिडकीतली आम्ही चौघंही शिंकायचो
आणि बेरीज चुकायची.
लखबीर फिरोजाबादहून बांगड्या आणायचा.
पेंढ्यात एखादी फुटलेली निघाली
की तिचा तुकडा माझ्या खिडकीत ठेवायचा,
काही मोठं देतोय अशा चेहऱ्यानं.

रात्रपाळीला वजनकाट्यावर इब्राहिम दळवी.
म्हणायचा, “बाई, आमच्याकडे जकात म्हणजे दान.
चाळीस रुपयांतला एक.
अब्बा सांगायचे, देताना घेणारा ठाऊक हवा.
आणि इथं त्याच नावानं
आपण ट्रक अडवतो.”
मी पावती फाडायचे.
घेणारा कोण, ते पावतीवर नव्हतं,
माझ्याही डोक्यात नव्हतं.

मग जूनच्या एका रात्री बारा वाजता नाका संपला.
शेवटचा ट्रक नाशिकच्या तांब्याच्या भांड्यांचा.
इब्राहिमनं काटा पाहिला, आकडा मोठ्यानं वाचला,
आणि कोणी लिहून घेतोय का, हे न बघता
दिवा मालवला.

आता मी वॉर्ड ऑफिसात, दुसरा मजला, लेखा विभाग.
इथे पैशाला शीर्ष असतं, धड नसतं.
महिना उजाडला की मंत्रालयातून रक्कम येते,
तिचं नाव नुकसानभरपाई,
जणू शहराला कुठं ट्रकनं उडवलं होतं.
एवढा मोठा आकडा, आणि पडद्यावर
त्याला मिरचीचा ठसकाही नाही.

तो खाली उतरतो, उतरता उतरता बारीक होतो.
स्मशानातली लाकडं, इतके किलो.
शाळेच्या दप्तरांचे पट्टे, मागच्या वर्षी तुटलेले, परत.
कुत्र्यांची नसबंदी.
गटारात उतरणाऱ्यांचे गमबूट: नऊ नंबरचे सगळे,
माणसं मात्र सहा-सात नंबरची.
कुणी ओरडलं की साहेबांची एकच म्हण,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
मी आडाकडे बघून आलेय, साहेब.
आडात असतं कधी कधी.
दोरच आखूड असतो.

परवा मिक्सर घेतला.
बिल उलटंसुलटं करून पाहिलं:
केंद्राचे नऊ टक्के, राज्याचे नऊ टक्के.
शहराची ओळ कुठंच नाही.
दुकान याच रस्त्यावर,
समोरचा कचरा आमचीच गाडी उचलते,
आणि माझे पैसे आधी दिल्ली बघणार, मंत्रालय बघणार,
मग एखाद्या तारखेला, बिनओळखीचे,
माझ्याच टेबलावर.
दुकानदार म्हणाला, “मॅडम, बिल चुकलंय का?”
नाही म्हटलं. बरोबर आहे.

दवाखान्याच्या सहा ट्यूबलाइटची फाइल
चार महिने फिरत होती.
एकदा शीर्ष चुकलं, एकदा सही पुसट,
एकदा फाइलच गेली कोणाच्या तरी डब्याखाली,
तेलाचा डाग घेऊन परतली.
मी तिच्यावर ‘देय’ लिहिलं
आणि पहिल्यांदाच बघायला गेले, देय कुठं जातं ते.

मुलुंडचा तो दवाखाना, मधुमेहाची रांग.
रांगेत इब्राहिम. दाढी पांढरी,
हातात गोळ्यांची रिकामी पाकिटं, रबर लावून जपलेली.
“हे दिवे नवीन,” तो म्हणाला.
म्हटलं, “माझ्या टेबलावरून आले.”
“आणि तुझ्या टेबलावर कुठून?”

मला सांगता आलं नाही.
तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला,
काट्यावरचा आकडा बघायचा तसा.
मग खिशातून रुमाल काढला.
“नंदुरबारचे असणार,” म्हणाला,
आणि सगळी रांग वळून बघेल एवढ्या जोरात शिंकला.

सहातली एक ट्यूब लुकलुकत होती.
तिची फाइल अजून माझ्याकडे आलेली नाही.