आठ्या

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रागवा.
मी रागावले.
आता चकित व्हा.
झाले.
शिंपी खडूनं कापडावर खुणा करतो
तशा त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीनं
माझ्या कपाळावर केल्या, आणि मग पर्याय सांगितले.

सुई: स्नायू निजतो, चार महिने, फार तर पाच.
लेझर: आठवडाभर तोंड सोललेल्या टोमॅटोसारखं,
रजा आहे ना शिल्लक?
आम्लाचा लेप वरवरच्या रेघांना ठीक, तुमच्या खोल आहेत.
भरणी मी कपाळात सहसा करत नाही,
तिथल्या शिरांचं डोळ्यांशी नातं असतं.
भुवया वर ओढून टाके? इतक्यात नको.
आणि फुकटातला उपाय,
पुढचे केस कापून झाकून टाका.

सुई, मी म्हणाले. तीन हप्त्यांत.

पेलोतासच्या नगरपालिका वाहिनीवर
कोपऱ्यातल्या चौकटीत मी असते,
भाषणांचे हात करून दाखवते बहिऱ्यांसाठी.
नवा कॅमेरा आला तेव्हा एव्हेराल्दो म्हणाला,
अगदी सहज, माझ्यासाठी कॉफी ओतता ओतता,
वाल्दिरेने, यात सगळंच दिसतं गं.

मला माहीत नव्हतं असं नाही.
दर मंगळवारी नव्या मुलांना मीच शिकवते,
शब्द हातात असतो, प्रश्न भुवईत.
उचलली तर 'हो की नाही',
आवळली तर 'कोण, कुठे, का'.
बाईंना एवढंच सांगितलं, टीव्हीवर असते.
थोडंच टोचा, म्हणाले.

अकराव्या दिवशी सभेत एकानं विचारलं,
पूल यंदा होणार का?
माझ्या चौकटीत पूल यंदा झाला.
त्या पाड्यातले बहिरे खूश.
एव्हेराल्दो म्हणाला, छान दिसतेस.
कपाळ!

रविवारी आईकडे गेले.
झुल्मिरा, वय चौऱ्याहत्तर,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांसाठी
अंड्याच्या पिवळ्या बलकाची मिठाई वळली तिनं.
तिनं मला कधी हाक मारली नाही,
खोलीतला दिवा दोनदा लावायची, विझवायची.
आणि मग दारात उभी, कपाळाच्या सात ओळी गोळा करून,
कुठे होतीस,
कोणाबरोबर,
हा फाटला कसा.
सातवी ओळ बहुधा माझीच आहे,
बाकीच्या कोणाच्या, कधी विचारलं नाही.

मी हातांनी म्हटलं, रक्तदाबाची गोळी घेतलीस?
तिनं वाचलं, गोळी घेतलीस.
मुलगी सांगतेय म्हणजे घेतलीच असणार,
तिनं मान डोलावली
आणि मातेच्या तुंब्यात गरम पाणी ओतलं.
संध्याकाळी कपाटात पाहिलं,
शनिवार रिकामा, रविवार भरलेला.

पुन्हा विचारलं. मान कलती केली,
खांदे उचलले, हनुवटी पुढे काढली,
हवेत प्रश्नचिन्हसुद्धा काढलं, शाळकरी पोरीसारखं.
ती बघत राहिली.
मग अंगठा आणून कपाळावर दाबला,
पाक तारेवर आला का बघतात तसा.

भिंत, ती म्हणाली.
मग सातही ओळी आवळून, कोणी केलं?
सांगितलं.
किती पडले?
तेही सांगितलं, तिसरा हप्ता वगळून.

तिनं ओले हात ॲप्रनला पुसले.
खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं,
बोटानं भुवईवरची कातडी वर ताणली, सोडली, परत ताणली.
बाहेर धुकं होतं, जूनमध्ये असतं तसं चिकट.
मग वळली, भुवया थेट केसांपर्यंत चढवून,
माझंही करतील?

मी थट्टा शोधली त्या ओळींत,
पहिलीपासून सातवीपर्यंत.
एकाही ओळीत नव्हती.

गोळी तिच्या तळहातावर ठेवली,
पाणी दिलं.
दहा तारखेला दुसरा हप्ता आहे.