जोखीम : मध्यम

वीरूच्या सपाट रानात उंचवटा एकच,
बर्चच्या झाडांमागचा राखेचा डोंगर.
त्याच्या पोटातलं सगळं खालून आलंय.
खाली, तीस मीटरवर, दालनं, खांब, गल्ल्या,
वळणावळणाला पत्र्यावर रंगवलेले आकडे.
आता तिथे पाणी राहतं.

मी बोअरमध्ये फीत सोडते.
पाण्याला टेकली की ती ओरडते,
बारीक, अंडं फोडून आलेल्या पिल्लासारखी.
अठरा मीटर बेचाळीस.
हातमोज्यातून पेन्सिल धरल्यावर
अक्षर जसं यायचं तसं येतं.

पंप बंद झाले त्या रात्री, सांगतात,
गावात कुणाचा डोळा लागला नाही.
चाळीस वर्षांची घरघर थांबली होती.
मग पाणी निघालं. त्याला घाई नव्हती.
आठ वर्षं चढत राहिलं
वॅगनींतून, कुणाच्या तरी एका बुटातून,
गंधक चाटत, लोखंड चाटत.

माझ्या पडद्यावर ते निळ्या चौकोनांचं आहे.
चढाकडून उताराकडे,
एवढंच व्याकरण मी त्याला शिकवलंय.
मॉडेल म्हणतं : वायव्येला, ओढ्याकडे, दोनशे दिवस.
चार नंबर आणि पाच नंबर खाणीच्या मध्ये
न खणता राखलेली भिंत,
नकाशात काळ्या शाईची, अखंड.

आर्वेद पिह्लाकास, एक्क्याऐंशी वर्षांचा,
खाणीचा जुना मोजणीदार,
नकाशाकडे बघतो, राईच्या पावाचा तुकडा
कॉफीत बुडवतो, विसरतो, तो विरघळतो.
काही बोलत नाही.
त्या न बोलण्यात
कुठेतरी पाणी मुरत होतं,
मला तेव्हा कळलं नाही.

मी चार नंबरच्या तोंडातून रंग सोडला,
विषारी नाही, नुसता हिरवा, डोळ्यांत खुपणारा,
आणि ओढ्याकाठी बाटल्या घेऊन बसले.

अकराव्या दिवशी फोन आला. ओढ्यावरून नव्हे,
आग्नेयेकडून, साल्मेचा.
तिची विहीर खाणीने आटवली होती,
लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी.
आणि खाणीनेच भरली, गेल्या वसंतात.
तिने शेजाऱ्यांना केक वाटला होता.
वर्षभर तेच पाणी सॉनाच्या दगडांवर ओततेय,
दगड तांबूस झाले, तिला वाटलं जुने झाले.
"आज हिरवं आलंय," ती म्हणाली.
"तुमचं आहे का?"

माझंच होतं.

आर्वेदकडे परत गेले तेव्हा त्याने नकाशा मागितला नाही.
टेबलाच्या लाकडावरच नखाने रेघ ओढली
आणि मधोमध थांबला.
"इथे. एकोणऐंशीचा डिसेंबर.
योजनेला सतराशे टन कमी पडत होते.
रोदिओनच्या टोळीने रात्रपाळीत भिंत फोडली,
माणूस चालत जाईल एवढी.
सकाळी मी रेघ पूर्ण काढली.
शाई माझी, हातही माझाच."
मग म्हणाला, "पाण्याने नकाशा कुठे वाचलाय?"
आणि हसला नाही.

अहवालात एक रकाना आहे.
कमी, मध्यम, जास्त.
वरिष्ठांनी तो आधीच भरून पाठवलाय.
सल्फेट मर्यादेच्या दुप्पट. फिनॉलचा निकाल यायचाय.
मी "मध्यम" खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते,
आडात आहे, पोहऱ्यात आहे,
फक्त घशाखाली जायचं नाही,
याला कुठला शब्द?

"बटाट्यांना घातलं तर?" साल्मे विचारते.
मी सांगते, थांबा.
"किती?"
मी फीत सोडते, उत्तर टाळायला.
ती लगेच ओरडते,
पाणी फार वर आलंय.
साल्मे कठड्यावरून वाकते,
खाली तिचं तोंड, हिरवं, थोडं हलणारं.
ती डोक्यावरचा रुमाल नीट करते.