ओठ मिटणारा शब्द

दांडेकर पुलाजवळच्या मनपा शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
चौथीच्या बाकांवर अवघडून बसलेल्या
सव्वीस बायका स्पॅनिश गातात.
फळ्यावर अजून सकाळचा लसावि आहे.

मी फक्त शब्दांपुरती. मराठी माझं,
स्पॅनिश लिहिणारा ला पाझला असतो,
सूर दातार सरांचे, जे पेटीवर एक बोट दाबून ठेवतात
आणि म्हणतात, पुन्हा.

गाणं एर्मिनिया कोंदोरीचं.
कथिलाच्या खाणीबाहेर, टाकलेल्या दगडांच्या ढिगावर
ती हातोडीनं दगड फोडायची, धातूचा कण शोधायची.
नवरा आत मेला तेव्हा कंपनीनं दिलं
साखरेचं एक पोतं, आणि खोली रिकामी करायची नोटीस.
मग ती बोलायला लागली.

तिच्या कामाला तिकडे शब्द आहे: पाल्यिरी.
तीन आठवडे मी कोश उलटले.
खाणकामगार. दगडफोडी. श्रमिक महिला.
सगळ्यांना शिक्क्याच्या शाईचा वास.
शेवटी विचारलं, तर छबूबाई अवघडे म्हणाल्या,
"लोकांनी टाकल्यालं, त्यातनं कामाचं काढायचं ना?
मग वेचणारी लिवा की. आमी काय करतो?"

जिभेवर थरथरणारा तो र
मला विद्यापीठात दोन वर्षं आला नव्हता.
त्यांना एका दुपारी आला.
शेळ्या हाकलेल्या होत्या त्यांनी.
त्या देशाला समुद्र नाही, मी सांगितलं.
"पुण्याला तरी कुठंय," मागून सखू खुडे.

अडलं ते संपापाशी.
उएल्गा. शेवटी तोंड उघडं राहतं,
सर म्हणतात, आकार धरा, सोळा मात्रा,
माणसं बोगद्यातून वर येतायत असं वाटू दे.
आणि मराठीत?
संप. सुरू होतो तोच संपतो.
ओठ मिटले की सूर ठेवायचा कुठे?
मी हरताळ सुचवला, बंद सुचवला,
'थांबवा काम' असलंही काहीतरी.
सर नुसता भाता हलवत राहिले.

"मिटू द्या की वोठ," छबूबाई.
"आमचा कचरा कंत्राटदाराला दिला तवा
वरडलो व्हय आमी?
वॉर्ड हापिसाच्या पायरीवर बसलो. गप.
अकरा दिवस.
सायेब म्हणला, काय पायजे ते बोला.
बोललो न्हाय. कागुद पुढं केला."

आता असं आहे:
डावीकडच्या तेरा उएल्गा म्हणतात, आ पार पत्र्याला लागतो,
उजवीकडच्या तेरा एकदाच म्हणतात, संप,
आणि ओठ मिटून उभ्या राहतात.
पेटी थांबते. आ विरतो.
सोळा मात्रा सर बोटांच्या पेरांवर मोजतात.

काल नवव्या मात्रेला
खालून घंटागाडी गेली, तिचं ते भोंग्यातलं वाजवत.
सव्वीस माना खिडकीकडे वळल्या
आणि परत आल्या. ओठ कुणाचे हलले नाहीत.
सरांनी वहीत पेन्सिलीनं काही लिहिलं.
मी वाकून वाचलं: गाडी असू दे.

निघताना छबूबाईंनी बाकाखालच्या दोन बाटल्या उचलल्या,
टोपणं काढून वेगळी टाकली.
"एरमीला पोरं किती?"
सात, मी म्हटलं. संहितेत तरी सात आहेत.
"मग तिला गायला येळ कवा घावला,"
म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या.