एम आणि टी

सदऱ्याच्या खिशात काडेपेटीहून जरा मोठा डबा,
पाठीला क्लिप, कानापर्यंत पिळलेली वायर.
कडेला दातेरी चाक, एक ते पाच;
मल्लेशमनाना अंगठ्याने तीनवर आणून थांबतात.
चारला तो शिट्टी मारतो,
आणि कापड घासलं की अख्खी साखर पेठ खरखरते.

खटका एमवर असला की माणसं.
टी टेलिफोनसाठी, दुकानदार म्हणाला.
घरात फोन नाही.

तीस वर्षं मागाजवळ. कान तिथेच राहिले.
पोशव्वा पूर्वी ओरडून बोलायची,
सवय अजून मोडलेली नाही.

काल रात्री मीटरच्या पेटीशी उभे,
खटका टीवर.
"ऐक बे," म्हणाले,
बोंडी माझ्या कानात घातली.
गुंऽऽऽ
"मोटर चालूय अजून."

कारखान्याला दिवाळीपासून कुलूप.
मी चाक एक दात पुढे सरकवलं.