पहिला तुटलेला धागा

गोळीबार चौक, विणकर सोसायटीची वरची खोली,
दुपारचे दोन, पारा सेहेचाळीसवर.
कूलरचा पंप जळालाय,
पंखा तेवढा फिरतो, गल्लीतली ऊन हवा
माझ्या मानेवर आणून टाकतो.
समोर सोसायटीचा जुना सर्व्हर.
याच्यासाठी तयार पॅकेज
आता जगात कुणी बनवत नाही.

लायब्ररी हवी होती एकच.
ती बसली की साडीच्या मोठ्या फोटोचं
पान उघडताच नखाएवढं चित्र होणार,
अमरावतीतली, नाशकातली कुणी बाई
त्यावर बोट ठेवून म्हणणार, ही द्या.
तेवढ्यासाठी पेन ड्राइव्हवर मी तिचा सोर्स आणला.
कधी न भेटलेल्या माणसांच्या चारशे फायली,
एका गाठोड्यात आवळलेल्या.

गाठ सोडली. कॉन्फिगर म्हटलं.
जनगणनेच्या बाईसारखं मशीन
दारोदार विचारत निघालं.
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
आकडे उजवीकडून मांडता की डावीकडून?
जेपेग आहे? आहे.
पीएनजी?
इथे जरा घुटमळलं.
आहे.

मग मेक.

ओळी पडद्यावरून वर पळू लागल्या.
डोमाजी निखारे, वय पंच्याहत्तर,
रोज दुपारी इथे फक्त पेपर वाचायला येतात.
पेपर घडी करून मागे येऊन उभे.
"काय विणून राहिला बे?"
"विणत नाही बाबाजी, बांधतोय."
"मंग कापड काऊन नाही दिसून राहिलं?"

आणि तेवढ्यात ते थांबलं.
शेवटची ओळ: एरर एक. बस, एवढंच.
मी ती शेवटची ओळ मोबाइलवर शोधली,
कुणी सांगितलं तसा एक पर्याय बदलला,
सगळं पुसून पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक.
तिथेच मेलं.
पुन्हा पुसलं.
तिसऱ्यांदाही तिथेच,
आणि मध्येच लाइट गेली,
इन्व्हर्टर मुलासारखा किरकिरत राहिला.

डोमाजींनी खुर्ची ओढली.
"तू खालून काऊन पाहून राहिला?
खाली तं माग थांबते.
धागा वर तुटला असते.
पहिला तुटलेला पाह्य,
बाकीचे त्याच्यापाई तुटते."

मी वर गेलो.
चाळीस ओळी. शंभर. दोनशे.
कितीतरी एरर, लाल, ओरडणारे,
आणि सगळ्यांच्या वर, साध्या अक्षरात,
एक हेडर फाइल सापडत नाही.
पीएनजी घरात होती,
तिच्याशी कसं बोलावं ते सांगणारा कागद
कुणी ठेवलाच नव्हता.

कागद आणला, जागेवर ठेवला.
मेक.

अकरा मिनिटं.
वॉर्निंग येत होत्या, मी मोजल्या नाहीत.
एकदा खाली नजर गेली:
डोमाजींचा उजवा पाय चपलेतून बाहेर आलेला,
फरशीवर दाबत होता, सोडत होता,
दर ओळीला एकदा.
सोसायटीचे माग विकून नऊ वर्षं झाली.
त्यांना ते ठाऊक नसावं,
पायाचं म्हणतोय मी.

मेक इन्स्टॉल.
फायली आपापल्या खणात जाऊन बसल्या.
सर्व्हर बंद करून सुरू केला, पान उघडलं.
आली. नखाएवढी साडी,
जांभळा काठ, पिवळं अंग.

मला ओरडावंसं वाटलं.
डोमाजी चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून पाहत होते.
"तिसऱ्या बुट्टीपाशी फणी चुकली," म्हणाले,
आणि चपला शोधू लागले.

मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं.
पिवळे, जांभळे चौकोन नुसते.
मला काही दिसलं नाही.
जिन्यावरून त्यांचा खोकला खाली जात होता.
सोमवारी फोटोवाल्याकडून
मूळ साडीच मागवायला हवी.