कुशीवर वळा

डाव्या कुशीवर वळा, दोन्या उबेरलिंदा.
जेल गार आहे, माहीत आहे मला.
श्वास घ्या. धरा.

पुएर्तो सावेद्राच्या या खोलीत हीटर एकच,
तोही माझ्या पायांशी.
तुम्ही पहाटे चारला निघालात, उपाशीपोटी,
बुदीचं पाणी तराफ्यावरून ओलांडून;
पदराआडून, शालीच्या लोकरीतून
अजून चुलीचा धूर येतो, आणि मीठ.

पडद्यावर पित्ताशय,
काळं, नासपतीच्या घाटाचं,
आणि आतल्या भिंतीला
एक राखाडी ठिपका.

खडा असता तर घरंगळला असता.
तुम्ही वळलात तसा तोही तळाशी गेला असता,
मागे आपली सावली ओढत.
हा हलत नाही.
याला सावली नाही.

गेल्या वर्षी मीच मोजला होता. सहा मिलिमीटर.
सहा महिन्यांनी या, मीच लिहिलं होतं.
तुम्ही म्हणता, कोचायुयोचा हंगाम होता,
खडकावरून शेवाळ कापायचं, वाळवायचं,
जुड्या बांधून बाजाराला न्यायच्या,
आणि दुखत तर काहीच नव्हतं, पोरी.

पित्त खवळतं माझं. कुणावर, ते ठरत नाही.
तुमच्या बहिणीलाही दुखत नव्हतं.
एदेल्मिराचे डोळे पिवळे झाले
तोवर मोजायला काही उरलं नव्हतं,
सगळं एकच झालं होतं, यकृतासकट.

आज अकरा.
पुन्हा मोजते. अकरा.
हात थरथरला असेल म्हणून तिसऱ्यांदा.
देठ नाही. बूड रुंद.

आमच्या कामात चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नसतं.
पडदाही फिरवायचा नसतो.
मी फिरवते.

तुम्ही बघत राहता, चष्मा नसलेल्या डोळ्यांनी,
भरती जोखावी तसं.
मग म्हणता,
"दगड लाटेबरोबर जातो. हे गेलं नाही.
याने खडक धरलाय.
आम्ही कापताना बूड ठेवतो,
पुढच्या वर्षी पुन्हा यावं म्हणून.
तुमचे डॉक्टर ठेवणार नाहीत ना?"

नाही, मी म्हणते.
खडकासकट काढतील.

*

तेमुकोहून कागद आला पाच आठवड्यांनी.
ॲडेनोमा. पेशी वाट सोडू लागलेल्या,
पण भिंतीत उतरलेल्या नाहीत.
कडा मोकळ्या.
खाली डॉक्टर ओयार्सोंची सही, नेहमीसारखी अर्धवट.

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदाही.
मग जुनी वही काढली.
सहा महिन्यांनी या,
माझ्याच अक्षरात, सतरा नावांपुढे,
आणि पुढचा रकाना कोरा.

पहिला फोन लागला नाही.
दुसऱ्यावर आधी कुत्रं भुंकलं,
मग दार वाजलं, मग एक बाई, धापा टाकत :
कोण?
नाही हो. मला काही दुखत नाही.

म्हणूनच, मी म्हटलं.